बेळगावात नव्याने ये-जा करताय? रेल्वे, बस आणि वडापचा मेळ असा घाला

नोकरी उद्यमबागेत लागली, पण खोली खानापुरात परवडते. कॉलेज मच्छेला आणि घर उचगावात. आईला दर महिन्याला रायबागहून केएलई हॉस्पिटलमध्ये तपासणीला आणायचं आहे. बेळगाव परिसरात नव्याने आलेल्या बहुतेकांची गरज अशीच काहीतरी असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मुंबईसारखी लोकल इथे नाही. एक रेल्वेमार्ग आहे, लाल बसचं चांगलं पसरलेलं जाळं आहे आणि बस पोचत नाही तिथे वडाप, म्हणजे माणसं भरली की निघणारी टमटम किंवा जीप, आहे. तिन्ही नीट जुळवली तर स्वतःच्या गाडीशिवाय रोजची ये-जा नक्की निभते. माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आधीच सांगतो: सकाळी कशाने जायचं हे नंतर पाहा, संध्याकाळी परत कशाने येणार हे आधी ठरवा. सकाळी सगळ्या गावांतून शहराकडे गाड्या सुटतात. खरी पंचाईत होते ती रात्री साडेआठनंतर, फाट्यावर उभं राहिल्यावर.

आधी तुमची दिशा बघा

कशाने जायचं हे इथे आवडीपेक्षा दिशेवर ठरतं. रेल्वेचा मार्ग मिरजेहून येतो, बेळगावातून जातो आणि लोंढ्याला फाटतो. दक्षिणेला देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी आणि लोंढा ही स्टेशनं लागतात. लोंढ्याहून एक फाटा कॅसलरॉकवरून गोव्यात उतरतो, दुसरा अळणावरमार्गे धारवाड-हुबळीला जातो. उत्तरेला सांबरे, सुळेभावी, सुळधाळ, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, चिंचली, कुडची, उगार खुर्द, शेडबाळ आणि पुढे मिरज. तुमचं गाव या माळेत किंवा तिच्या जवळपास असेल तरच रेल्वेचा विचार करा.

बाकी सगळीकडे बसच. पश्चिमेला हिंडलगा, सुळगा, उचगाव, बेळगुंदी आणि पुढे चंदगडपर्यंत रूळ नाहीत. कोल्हापूरच्या बाजूला काकती, होनगा, संकेश्वर, निपाणी हा सगळा पट्टा महामार्गावर आहे आणि निपाणीसारख्या मोठ्या बाजारपेठेलाही रेल्वे नाही. पूर्वेला हलगा, हिरेबागेवाडी, बैलहोंगल, सौंदत्ती यांचंही तेच. जांबोटी-कणकुंबीकडे जाणाऱ्यांनी तर बसचं वेळापत्रक पाठच करावं, कारण त्या रस्त्यावर फेऱ्या कमी आणि जंगल जास्त.

धारवाडला रोज जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. नकाशावर धारवाड सरळ आग्नेयेला दिसतं, पण रेल्वे आधी लोंढ्याला जाऊन वळसा घालते. बस कित्तूरवरून सरळ जाते. कित्तूरमार्गे नवा रेल्वेमार्ग मंजूर आहे, मात्र तो होईपर्यंत धारवाडला बसच बरी.

आणखी एक सापळा आहे. ज्या स्टेशनच्या नावात ‘रोड’ आहे तिथे गाव जवळ असेल असं धरू नका. चिकोडी रोडला उतरून चिकोडी गाठायला किंवा गोकाक रोडहून गोकाकात शिरायला पुढे बस किंवा वडाप धरावं लागतं. तिकीट काढण्याआधीच हा वेळ आणि खर्च हिशेबात घ्या.

शहरात कुठे उतरायचं, कुठून चढायचं

तीन ठिकाणं नीट समजून घ्या. पहिलं मध्यवर्ती बसस्थानक. सगळे त्याला सीबीटी म्हणतात. ते किल्ल्याजवळ आहे आणि बाहेरगावच्या बस इथूनच सुटतात. दुसरा सिटी बस स्टँड, सीबीटीला लागूनच. वडगाव, अनगोळ, हिंडलगा, सांबरा, कणबर्गी या बाजूंच्या शहर बस इथे मिळतात. तिसरं रेल्वे स्टेशन, आणि ते या दोन्हींपासून दोन-तीन किलोमीटर लांब, शहराच्या दुसऱ्या अंगाला. बाहेरून येणाऱ्याचा इथेच गोंधळ होतो. स्टेशनच्या दारात उतरलं की समोर एसटी स्टँड असेल असं तो धरून चालतो. इथे तसं नाही. रेल्वेतून उतरून बस पकडायची असेल तर मधल्या रिक्षेला किंवा शहर बसला अर्धा तास सोडा. सकाळी दहाच्या सुमाराला त्याहून थोडा जास्तच.

पण रोज ये-जा करणारी माणसं स्टँडपर्यंत जातच नाहीत. खानापूरकडची बस गोगटे सर्कल, आरपीडी, तिसरं रेल्वे गेट, उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे अशी जाते. टिळकवाडीत राहणाऱ्याने सीबीटीला जाऊन ती पकडण्यात अर्थ नाही, आरपीडीला हात करावा. वडगाव-येळ्ळूरकडच्यांना शहापुरात, आणि टिळकवाडी-अनगोळकडच्यांना धर्मवीर संभाजी चौकात, म्हणजे जुन्या बोगारवेशीत, चढता येतं. फक्त एक लक्षात ठेवा. सकाळी शहराबाहेर जाणारी बस मधल्या थांब्यावर रिकामी मिळते, संध्याकाळी तीच सीबीटीहूनच भरून येते. संध्याकाळी बसून जायचं असेल तर स्टँड गाठावा लागतो.

स्टँडवरचं दृश्य पहिल्या दिवशी घाबरवतं. खानापूरची गाडी फलाटाला लागायच्या आतच लोक तिच्याबरोबर पळू लागतात, खिडकीतून रुमाल, डबा, वही जे असेल ते आत पडतं आणि ती जागा ‘धरली’ जाते. नव्या माणसाने त्यावरून भांडू नये. दारातून शांतपणे चढावं, मागच्या दोन-तीन रांगांकडे बघावं, तिथे बहुधा जागा मिळते.

पाट्या कन्नडमध्ये असतात. कन्नड वाचता येत नसेल तर आपल्या दोन-तीन गावांची नावं कन्नड अक्षरांत कशी दिसतात ते फोनमध्ये फोटो काढून ठेवा. आठवड्याभरात डोळ्यांना सवय होते. शहर बसवर मार्गाचे क्रमांक असतात, तेही टिपून ठेवा. बोलण्याची मात्र अडचण येऊ नये. ड्रायव्हर-कंडक्टरांपैकी पुष्कळांना दोन्ही भाषा येतात. साधारण असं चालतं:

“अण्णा, मच्छेला थांबतंय काय ओ?”

“थांबतंय, चढा की. सुटे घेऊन ठेवा.”

कन्नडचे चार शब्द शिकून घ्या असा माझा मनापासून आग्रह आहे. ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘इळीबेकु’ म्हणजे उतरायचं आहे. शब्दाच्या शेवटी ‘री’ लावलं की आदर दिसतो. इथली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशीच दोन्ही भाषांत व्यवहार करत आली आहेत, आणि समोरच्याच्या भाषेत एक वाक्य बोललं की बसमधली निम्मी कामं सोपी होतात.

बसचं तिकीट, सवलत, पास

बेळगाव जिल्ह्यातल्या सरकारी बस वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ चालवतं. त्याचं मुख्यालय हुबळीला आहे. साध्या बस सगळ्या फाट्यांवर थांबतात. ‘वेगदूत’ लिहिलेल्या लाल बस कमी थांबतात. मच्छे, पिरनवाडी, हलगा, होनगा अशा जवळच्या थांब्यावर उतरायचं असेल तर चढण्याआधी विचारा, कारण लांब पल्ल्याची गाडी तिथे थांबेलच असं नाही. तिकीट बसमध्येच मिळतं. क्यूआरवर यूपीआयने पैसे घेतात, पण गर्दीत फोनला रेंज नसली की खोळंबा होतो, म्हणून दहा-वीसच्या नोटा जवळ असू द्या. भाड्याबद्दल कुणाचा जुना आकडा धरू नका. कर्नाटकात 5 जानेवारी 2025 पासून भाडी 15 टक्क्यांनी वाढली, आणि महाराष्ट्र एसटीनेही त्याच महिन्यात वाढवली.

बायकांसाठी शक्ती योजना 11 जून 2023 पासून सुरू आहे. कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना शहर बस, साधी बस आणि वेगदूत यांतून राज्यात मोफत प्रवास करता येतो. राजहंस, स्लीपर आणि एसी गाड्यांना ती लागू नाही. इथे नव्याने आलेल्या बहिणींनी एक गोष्ट आवर्जून करावी. आधारवर पत्ता कोल्हापूरचा किंवा सिंधुदुर्गाचा असेल तर सवलत मिळत नाही. इथे कायमचं राहायला आला असाल तर पत्ता लवकर बदलून घ्या. रोजच्या प्रवासात महिन्याकाठी मोठी रक्कम वाचते. आणि पैसे द्यायचे नसले तरी शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचंच. तपासनीस चढला की तेच दाखवावं लागतं. साठीपुढच्या कर्नाटकातल्या रहिवाशांना भाड्यात 25 टक्के सूट असते, ती आजोबा-काका मंडळींच्या उपयोगाची.

विद्यार्थ्यांच्या पासाचा अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर भरायचा असतो. जून-जुलैत कॉलेजं उघडली की सगळे एकदमच धावतात, म्हणून प्रवेशाची पावती हातात पडताच अर्ज करा.

रेल्वेने जाताना

बेळगावचं स्टेशन आता बरंच सुधारलं आहे. नवी इमारत 27 फेब्रुवारी 2023 ला खुली झाली. लोंढा-बेळगाव-घटप्रभा हे दुहेरीकरणही त्याच दिवशी राष्ट्राला अर्पण झालं. रोजच्या प्रवाशाला त्याचा अर्थ इतकाच की क्रॉसिंगसाठी मधल्या स्टेशनवर गाडी ताटकळत उभी राहण्याचा त्रास पूर्वीइतका राहिला नाही.

गाड्यांचे दोन प्रकार मनात वेगळे ठेवा. राणी चन्नम्मा, हरिप्रिया, गोवा एक्सप्रेस यांसारख्या लांबच्या गाड्या मोठ्या स्टेशनांवरच थांबतात. हुबळी-पुणे वंदे भारत आणि ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली बेळगाव-बेंगळुरू वंदे भारत यांचा गाव ते शहर अशा रोजच्या प्रवासाशी संबंध नाही. देसूर, इदलहोंड, सुळेभावी, पाच्छापूर असल्या छोट्या स्टेशनांवरच्या माणसाला पॅसेंजरच धरावी लागते, आणि तिच्या दिवसभरात मोजक्याच फेऱ्या असतात. म्हणून वेळापत्रक कागदावर लिहून घरात लावा. रोज निघताना रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर गाडी कुठवर आली ते बघा. 139 वर फोन करूनही कळतं.

तिकिटाची चूक इथे महागात पडते. पॅसेंजरचं किमान तिकीट 10 रुपये, एक्सप्रेसचं 30. पॅसेंजरचं तिकीट घेऊन, ती चुकली म्हणून मागून आलेल्या एक्सप्रेसमध्ये चढलात तर ते चालत नाही, दंड होतो. सुपरफास्ट गाडीला जनरल डब्यातही वर 15 रुपये अधिभार असतो. खिडकीवर नुसतं ‘खानापूर एक’ म्हणू नका. गाडीचं नाव सांगा. खिडकीवर रांग असेल तर रेलवन ॲपवरून किंवा स्टेशनवरचा क्यूआर स्कॅन करून अनारक्षित तिकीट निघतं. आणि अनारक्षित तिकीट दिवसभरासाठी नसतं. जवळच्या अंतराला ते काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या ठिकाणची पुढची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांपैकी जे उशिरा असेल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवायचा मोह टाळा.

महिनाभर रोज जाणार असाल तर मासिक पास काढा. दुसऱ्या वर्गाचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत पडतो, म्हणजे सात-आठ दिवस ये-जा केली की वसूल. तो 150 किलोमीटरपर्यंत मिळतो, त्यामुळे बेळगाव-मिरजही त्यात बसतं. तिमाही पास आणखी स्वस्त पडतो. पास असला तरी आरक्षित डब्यात बसता येत नाही, हे विसरू नका.

जोड कुठे द्यायची

खरं कसब इथे आहे, आणि ते ठिकाणानुसार बदलतं.

खानापूरहून उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जाणाऱ्या माणसाचं घ्या. रेल्वे स्वस्त, गर्दी कमी, म्हणून तो रेल्वेचा विचार करतो. पण गाडी उद्यमबागेच्या कडेने निघून जाते, थांबते थेट स्टेशनला, आणि त्याला तिथून पुन्हा मागे यावं लागतं. बस मात्र त्याला कारखान्याच्या रस्त्यावर उतरवते. मच्छेतल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात जाणाऱ्यांचंही तेच. खानापूर रोडवर काम असेल तर बस. कॅम्पात किंवा स्टेशनच्या आसपासच्या बाजारात काम असेल तर रेल्वे. खानापूरचा जाणता माणूस असाच हिशेब करतो.

रायबाग-कुडचीहून येणाऱ्याला उलट रेल्वेच सोयीची. बसने ते अंतर कंटाळवाणं होतं. पेशंटला नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलला न्यायचं असेल तर स्टेशनवर उतरल्यावर अख्खं शहर ओलांडायचं आहे हे ध्यानात घ्या आणि सरळ रिक्षा करा. भाडं बसण्याआधी ठरवा. निपाणी-संकेश्वरकडून बसने येणाऱ्यांनी कंडक्टरला आधीच सांगून केएलईच्या जवळ उतरावं, सीबीटीपर्यंत जाऊन परत येण्यात वेळ जातो. रायबाग, कुडची, उगारच्या लोकांना कित्येक उपचारांसाठी बेळगावपेक्षा मिरज जवळ पडतं आणि तेही रेल्वेच्या त्याच मार्गावर आहे, हेही विचारात घ्या.

टिळकवाडीत राहत असाल तर रेल्वे फाटकांचा हिशेब ठेवा. रूळ काँग्रेस रोडच्या कडेने जातात. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनापासून त्या रस्त्याला हे नाव आहे. पहिलं आणि दुसरं गेट गाडीच्या वेळी बंद होतं. पलीकडची बस पकडायची असेल तर दहा मिनिटं आधी निघा, किंवा तिसऱ्या गेटच्या उड्डाणपुलाने जा.

वडाप ही या भागाची खरी शेवटची कडी आहे. फाट्यावरून आतल्या गावी टमटम किंवा जीप भरली की निघते. भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून घाई असेल तर तिच्यावर विसंबू नका. ड्रायव्हरांशी ओळख ठेवा, एकदोघांचे फोन नंबर घेऊन ठेवा. रात्री उशीर झाला तर “काका, फाट्यावर आहे, येताय काय?” एवढं विचारता येतं, आणि माणसं येतात.

सीमा ओलांडताना

चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कोल्हापूर, सावंतवाडी या बाजूंना दोन्ही राज्यांच्या बस जातात, आणि महाराष्ट्राच्या एसटी सीबीटीलाच लागतात. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत बेळगावहून कामाला जाणारे पुष्कळ आहेत. तिथे पोचायला हिंडलगा-सुळगा मार्गावरची कुठलीही चंदगड गाडी चालते.

सवलती मात्र राज्याच्या हद्दीपुरत्या असतात. एसटीत महाराष्ट्राच्या हद्दीत महिलांना अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाला अर्धं आणि 75 पुढच्यांना मोफत. तिथे शक्ती योजनेचा उपयोग नाही, तसाच कर्नाटकच्या बसमध्ये एसटीच्या सवलतीचा नाही. कंडक्टरला चढतानाच अखेरचं गाव सांगा म्हणजे तो हद्दीचा हिशेब धरून योग्य तिकीट देतो. सीमेपर्यंतचं तिकीट काढून पुढे तसंच बसून राहू नका.

सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की पहिला फटका आंतरराज्य बसला बसतो. डिसेंबर 2022 मध्ये आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्या थांबल्या होत्या. अशा दिवशी कोल्हापूरला जायचंच असेल तर रेल्वेने मिरजेला जा आणि तिथे कोल्हापूरची गाडी धरा. कधी कधी बस हद्दीवरच्या कोगनोळी किंवा शिनोळीपर्यंत सोडतात आणि पुढे दुसऱ्या राज्याची गाडी मिळते. आजारी माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर तो प्रयोग करू नका.

पाऊस आणि यात्रा

जून ते सप्टेंबर वेळापत्रकाला फार महत्त्व देऊ नका. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस प्रचंड पडतो. चिकोडी-निपाणी भागात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगल्या की मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर असे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात आणि बस लांबच्या वाटेने फिरतात. जुलै 2021 मध्ये तर निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गच पाण्याखाली गेला होता. पुलावरून पाणी वाहत असेल आणि ट्रॅक्टरवाला ‘चला, सोडतो’ म्हणाला, तरी जाऊ नका. त्या दिवशी शहरात नातेवाइकाकडे राहायची सोय आधीच करून ठेवा. गोव्याच्या बाजूला घाटात दरड कोसळली तर लोंढ्यापुढच्या गाड्या रद्द होतात, पण बेळगाव-लोंढा पट्टा बहुतेक वेळा चालू असतो.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमांना आणि चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला जादा बस सुटतात, त्यासाठी गाड्या नेहमीच्या मार्गांवरून काढून घेतल्या जातात. त्या दिवसांत तुमच्या गावची फेरी गळू शकते. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला, गणपती विसर्जनाला आणि 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाला, शहरातले मुख्य रस्ते बंद असतात आणि शहर बस वळवल्या जातात. हिवाळ्यात सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हलग्याच्या बाजूला महामार्गावर कोंडी होते. हिरेबागेवाडीकडून येणाऱ्यांनी त्या दिवसांत एक गाडी आधीची धरावी.

रुजू होण्याआधी एकदा कामाच्या दिवशीच, कामाच्याच वेळेला, पूर्ण ये-जा करून बघा. रविवारी बघू नका. त्या दिवशी शाळा-कॉलेजच्या वेळेच्या फेऱ्या नसतात आणि जी गर्दी तुम्हाला रोज सोसायची आहे तीही नसते. संध्याकाळी परतताना शेवटची बस कुठली आणि त्याआधीची कुठली हे कंडक्टरलाच विचारून लिहून घ्या, आणि रोज निघताना शेवटच्या आधीची धरायची असं ठरवूनच काम आटोपा.